नाडीचं घड्याळ आणि तुळजाबाईंचा विसा

मुळात सगळं कोंबडीनं केलं. बापूच्या आंघोळीसाठी शिवकन्येनं दोन तांबे पाणी पातेल्यात राखून ठेवलं होतं. वर ताट झाकलं होतं, ताटावर वरवंटा ठेवला होता. वरवंटा तिनं चटणी वाटायला उचलला मात्र, छबुबाईची तांबडी कोंबडी ताटावर चढली आणि ताट, पातेलं, पाणी सगळं घेऊन खाली उतरली. जमिनीनं ते पाणी असं पिऊन टाकलं की ओलसर डागही धड राहिला नाही.

दुष्काळाचं लागोपाठ दुसरं साल होतं ते. खापरवाडी म्हणजे युसूफ वडगावच्या वरच्या अंगाला, माळावर बसलेली शे-दीडशे घरांची वस्ती. चार दिवसांतून एकदा टँकर यायचा, आडात पाणी ओतायचा, आणि आड भरल्यासारखा दिसेपर्यंत रिकामा व्हायचा. दूध संस्थेचे चेरमन बबनराव रोज टँकर मिळावा म्हणून संक्रांतीपासून तालुक्याला अर्ज देत होते. तालुक्याहून दर वेळी उत्तर यायचं की मागणी विचाराधीन आहे. पुढचा टँकर आता परवा. म्हणजे परवापर्यंत बापूला आंघोळ नाही.

बापू म्हणजे या घराचा आठ महिन्यांचा मालक. अंगभर घामोळ्या, हिरड्यांत दात शिवशिवत असलेले, आणि आज आंघोळ बुडालेली. तो रडायला लागला तो दुपार झाली तरी थांबेना. शिवकन्येनं त्याला पदरानं वारा घातला, मांडीवर उलटा घेतला, खुळखुळा वाजवला. शेवटी गालाला गाल लावला तर गाल तापलेला. उन्हात पत्र्याखाली सगळ्याच गोष्टी तापतात, पाटासुद्धा तापतो. पण पहिलटकरणीला एवढा विचार कुठून सुचायचा?

घरात पुरुषमाणूस नव्हतं. सासरे आश्रुबा मोतीबिंदू काढायला अंबाजोगाईला गेलेले, सोबत तिचा नवरा भारत. दोघं उद्या परतायचे होते. आणि आश्रुबा गेले म्हणजे गावातला दवाखानाच गेला होता, कारण पंचवीस वर्षं ते केजला पाशा डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. आता ते काही औषध द्यायचे नाहीत. फक्त नाडी पाहायचे, आणि तीही घड्याळावर.

ते घड्याळ साधं नव्हतं. परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यानं ते खास डॉक्टर लोकांसाठी केलेलं. पिवळट तबकडी, चावीच्या दोन्ही बाजूंना दोन बटणं, आणि तबकडीच्या कडेनं तांबड्या रंगात उतरत जाणारे आकडे, आधी दोनशे, मग दीडशे, मग शंभर. वरचं बटण दाबलं की एक लांब काटा पळू लागे. रोग्याचे तीस ठोके मोजायचे, बटण पुन्हा दाबायचं, काटा जिथं थांबेल तो तांबडा आकडा म्हणजे मिनिटाची नाडी. खालचं बटण दाबलं की काटा परत मूळ जागी. गुणाकार नको की भागाकार नको. पाशा डॉक्टर हैदराबादला कायमचे निघाले तेव्हा त्यांनी मनगटावरून ते काढून आश्रुबांच्या मनगटावर बांधलं आणि म्हणाले, "आदमी झूट बोलता आश्रुबा, नबज नै बोलती." जिल्ह्यात असलं दुसरं घड्याळ नाही, असं आश्रुबा सांगत, आणि ज्यांनी जिल्हा पाहिला नव्हता त्यांना ते पटे.

आता त्या तीसची गोष्ट. तीस ठोके मोजायचे हे फक्त दोनच माणसांना ठाऊक होतं. एक हैदराबादेत, आणि दुसरं अंबाजोगाईत डोळ्याला पट्टी बांधून पडलेलं. तबकडीवर मुंग्यांसारख्या परदेशी अक्षरांत ते लिहिलेलं असेलही, पण ती अक्षरं खापरवाडीत कोण वाचणार? आश्रुबा तोंडातल्या तोंडात मोजत. लोकांना दिसे ते एवढंच, की बटण दाबलं, ओठ हलले, बटण दाबलं, आकडा सांगितला. त्या आकड्यांचा कायदा मात्र गावाला पाठ होता. सत्तरीत माणूस बरा. शंभराला ताप. एकशेवीसच्या पुढं गेला तर बैलगाडी जुंपा.

घड्याळ ज्वारीच्या कणगीत, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. जाताना आश्रुबांनी सुनेला बजावलं होतं, "सकाळी चावी द्यायची. बटनाला हात लावायचा न्हाई." तीन सकाळी शिवकन्येनं निमूट चावी दिली होती. चौथ्या दुपारी, बापूचा गाल तापल्यावर, तिनं फडकं सोडलं.

सासूला विचारल्याशिवाय ती हे करती ना. पण तुळजाबाईच म्हणाल्या, की ते लेकरापेक्षा मोठं हाय का? माझा हात नाडीवर पक्का बसतो, तू बटण दाब, आकडा वाच. शिवकन्या धारूरला सातवीपर्यंत शिकलेली, आकडे तिला येत होते. अडलं ते एका ठिकाणी.

"आत्याबाई, पण किती मोजायचे? मामा किती मोजत्यात?"

"किती म्हंजे? इसाच मोजायचे," तुळजाबाई म्हणाल्या. "देवानं हाताला न् पायाला मिळून बोटं किती दिली? ईस. मग?"

तुळजाबाई सगळंच विसानं मोजत. गोवऱ्या विसानं, अंडी विसानं, माणसाचं वयसुद्धा विसानं. त्या स्वतः तीन विसा आणि वर थोड्या होत्या. त्यांनी बापूची मूठ हातात घेतली, दोन बोटं मनगटावर टेकली आणि डोळे मिटले. शिवकन्येनं बटण दाबलं. काटा पळाला. "ईस," तुळजाबाई म्हणाल्या. तिनं पुन्हा बटण दाबलं आणि वाचलं.

एकशे ऐंशी.

तिसाच्या आधीच थांबवलेला काटा मोठ्या आकड्यावर राहणार, यात काट्याची काही चूक नव्हती. पण एकशेवीसला बैलगाडी, मग एकशे ऐंशीला काय? आश्रुबांच्या कायद्यात त्याच्यापुढं कलमच नव्हतं. बापू मात्र घड्याळाची टिकटिक ऐकून रडायचा थांबला आणि पट्टा चावायला लागला. त्यामुळं शिवकन्येला जास्तच रडू आलं. आजार आत बसला की लेकरं अशीच गप होतात, असं तिनं ऐकलं होतं.

तुळजाबाई शहाण्या. त्या म्हणाल्या, घड्याळ बिघडलं असंल, माझी बघ. त्यांची एकशेचौदा भरली. शिवकन्येची बघितली तर एकशेसव्वीसच्याही पुढं. तेवढ्यात कोंबडी शोधत छबुबाई आली. तिला काही सांगायच्या आत तिचं मनगट धरलं गेलं, आणि ती एकशेवीसची निघाली.

"मला सकाळपासून कसंतरी हुतंयच," छबुबाई म्हणाली आणि उंबऱ्यातच बसली. बसल्या जागेवरून तिनं गल्लीला हाक दिली.

पुढच्या तासाभरात अर्धी गल्ली मनगटं पुढं करून ओसरीत बसली होती. शंभराच्या खाली एकही उतरेना. ज्याला आकडा कळे, त्याचं काळीज आणखी धडधडे. त्याच्या शेजारचा ते पाहून घाबरे आणि त्याचा आकडा पहिल्याच्याही वर जाई. साखराबाई चांगली भाकरी थापून आलेली, एकशेदहा कळल्याबरोबर तिला हातपाय हलवता येईनात. घराघरांतून वाकळा बाहेर आल्या, लिंबाखाली अंथरल्या गेल्या, आणि माणसं ओळीनं आडवी झाली. धडधाकट माणसाला आजारी पडायला एवढं सोपं कधी गेलं नव्हतं.

शिवकन्येला यातलं काही दिसत नव्हतं. तिला दिसत होता फक्त बापू. तो आता रांगत रांगत वाकळांच्या ओळीतून फिरत होता आणि आजाऱ्यांच्या पायांचे अंगठे धरून बघत होता. तिला त्याला डॉक्टरकडे न्यायचं होतं. वडगावला जाणारी एसटी निघून गेलेली, दुसरी सकाळी. गावात फटफटी एकच, बबनरावांची. ती बबनरावांकडे निघणार, तोच बबनराव स्वतःच आले. भर उन्हातून, संस्थेपासून धावत. छबुबाईची म्हैस संस्थेला दूध घालत होती. दुधातून साथ पसरली अशी हूल उठली, तर उद्यापासून वरचा दूध संघ खापरवाडीचे कॅन उतरवून घेणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

"चेरमनसाहेब, मला न् लेकराला तेवढं फटफटीवर वडगावला सोडता का?" शिवकन्या म्हणाली.

बबनराव म्हणाले, आता सोडतो, त्यात काय. आणि सहज, जाता जाता, त्यांनी मनगट पुढं केलं. अंग दांडगं, ऊन डोक्यावर, वर धावलेले. एकशे चव्वेचाळीस.

बबनरावांनी टोपी काढली, नीट घडी करून खिशात ठेवली आणि ओसरीतल्या बाजेवर आडवे झाले. फटफटीची किल्ली त्यांच्या मुठीत होती, पण फटफटी चालवणारा दुसरा माणूस गावात नव्हता. शिवकन्येनं बाजेच्या पायाशी उभं राहून परत विचारलं, तेव्हा ते छताकडे बघत म्हणाले, "बाई, एकशे चव्वेचाळीसच्या माणसानं फटफटी चालवावी का? तूच सांग."

मग त्यांनी पडल्या पडल्याच कारभार सुरू केला. चेरमन आडवा झाला तरी चेरमनच. आधी दुधाचा सोक्षमोक्ष लावायला पाहिजे. त्यांनी संस्थेत दूध मोजून घेणाऱ्या म्हाळूला बोलावलं. म्हाळूला गुराढोरांतलं कळायचं.

"म्हाळू, म्हशीची नाडी बघता येती का बे?"

"येती की. शेपटीच्या बुडाला लागती."

छबुबाईची म्हैस आणली गेली. म्हाळूनं शेपटी वर करून बोटं लावली, तुळजाबाईंच्या सांगण्यावरून विसापर्यंत मोजलं, शिवकन्येनं बटण दाबलं. म्हशीची नाडी मुळातच संथ. काटा निवांत चालत बरोबर बहात्तरवर थांबला.

अख्ख्या खापरवाडीत ठणठणीत म्हणून एकटी छबुबाईची म्हैस निघाली. ती शांतपणे वाकळेची कड चघळत होती. साखराबाई पडल्या जागेवरून हळूच म्हणाली, की जनावराचा जल्म बरा.

पण बबनरावांच्या डोक्यात दिवा लागला. म्हैस बरी, म्हणजे दूध बरं. म्हैस पाणी कुठलं पिती? आडाला जनावरं लावायची नाहीत असा ठराव होता, त्यामुळं ती तळ्यातल्या डबक्याचं पिती. माणसं कुठलं पितात? टँकरचं. म्हणजे दोष दुधात नाही, टँकरमध्ये आहे! बाजेवरच ते उठून बसले, मग एकशे चव्वेचाळीस आठवून पुन्हा आडवे झाले. बाजेसकट चौघांनी त्यांना संस्थेत नेलं, कारण गावातला एकुलता फोन तिथं होता. शिवकन्या बापूला कडेवर घेऊन मागून धावली आणि फोन लागल्यावर सारखी सांगत राहिली की डॉक्टर मागवा, आधी डॉक्टर मागवा. बबनरावांनी तेही सांगितलं. तालुक्याहून निरोप आला की डॉक्टर लोक लसीकरणाच्या शिबिराला गेलेत, सकाळी पाणीपुरवठ्याचे साहेब जीप घेऊन येतील, गरज पडली तर जीपमधून रोगी हलवू.

ती रात्र शिवकन्येनं बापूच्या छातीवर हात ठेवून काढली. बापूनं ती घोरत काढली.

सकाळी जीप आली. तिच्यातून आधी साहेब उतरले, आणि पाठोपाठ हिरवी पट्टी बांधलेले आश्रुबा आणि पिशवी घेतलेला भारत. एसटी फाट्यावर सोडून गेली होती. चालत निघालेल्या दोघांना साहेबांनी जीपमध्ये घेतलं होतं, आणि म्हातारा कंपाउंडर आहे हे कळल्यावर तर त्यांना धीरच आला होता. बाजेसकट परत लिंबाखाली आणलेल्या बबनरावांनी पडल्या पडल्या हात जोडले. कुणीतरी सवयीनं साहेबांपुढं पाण्याचा तांब्या धरला. उन्हातून आलेल्या साहेबांनी तो एका दमात रिकामा केला.

आश्रुबांनी एका डोळ्यानं लिंबाखालची ओळ बघितली आणि ते तडक घरात गेले. शिवकन्या तिथंच उभी होती, एका हातात बापू, दुसऱ्या हातात घड्याळ.

"मामा, मी बटन दाबलं," ती म्हणाली. तुळजाबाईंनी बाकीचं सांगितलं. एकशे ऐंशी ऐकून आश्रुबांच्या कपाळाला आठी पडली. बापूकडे बघून ती गेली.

"मोजले किती?"

"ईस," तुळजाबाई म्हणाल्या. "कावून? किती मोजायचे असत्यात?"

आश्रुबा खाली बसले. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा शिवकन्येला वाटलं, संपलं सगळं, मामा रडायला लागले. पण ते हसत होते. डोळ्याच्या टाक्यावर ताण येऊ नये म्हणून आवाज न करता, पट्टीवर तळवा दाबून हसत होते. मग त्यांनी बापूला मांडीवर घेतलं, कोपराच्या आतल्या बाजूला बोट टेकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्यानं मोजलं. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. शिवकन्येनं बटण दाबलं.

"एकशेवीस," ती कुजबुजली. "मामा, बैलगाडी?"

"येडी का काय. ते मोठ्या माणसाचं. लेकराचं काळीज चिमणीवानी असतं, त्याचं एवढंच चालतं." त्यांनी बापूच्या पाठीवरून हात फिरवला, घामोळ्या बघितल्या. "ह्याला काय बी झालं न्हाई. ह्याला आंघोळ पायजे."

शिवकन्येनं बापूला घेतलं आणि त्याच्या चिकट मानेत तोंड खुपसलं. तिला हसू येत होतं आणि पदर डोळ्यांवरून हलत नव्हता. बापूनं तिचे केस मुठीत धरून ओढले, तेही तिला गोड लागलं.

आश्रुबा उठले. "साहेबाला सांगून येतो. लोकं उठू देत," ते म्हणाले.

तुळजाबाईंनी दार अडवलं. "काय सांगणार?"

"खरं ते. पाशा डॉक्टर म्हणायचे, नाडी खोटं बोलत न्हाई."

"मंग नाडी कुठं बोलली खोटं? तिनं ईस ठोके दिले, आमी ईस मोजले." आणि त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "चेरमन संक्रांतीपासून अर्ज करत्यात. आज पयल्यांदा साहेब आलाय. तुमी एवढ्यात जाऊ नका. तुमचा डोळा दुखतो." त्यांनी सुनेच्या हातातलं घड्याळ आणि सून, दोन्ही धरून बाहेर नेलं.

बाहेर साहेब बबनरावांना विचारत होते, की नाडीची साथ हा काय प्रकार आहे, आपण कधी ऐकला नाही. बबनराव एकशे चव्वेचाळीसच्या आवाजात उत्तरं देत होते. तुळजाबाईंनी साहेबांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, पाणी तुमी बी पिलात, हात बघू का? साहेब हसले. त्यांनी मनगट पुढं केलं. शिवकन्येनं बटण दाबलं. खडबडीत रस्ता, ऊन, आणि विसाचा हिशेब. काटा थांबला.

"एकशेअडतीस," शिवकन्येनं वाचलं. खोटं एक अक्षर नव्हतं, काटा तिथंच होता. तरी तिनं वर बघितलं नाही.

साहेबांचं हसू गेलं. त्यांनी रिकाम्या तांब्याकडं बघितलं. गल्लीभर आडव्या माणसांकडं बघितलं. बबनरावांनी बाजेवर सरकून त्यांना अर्धी जागा करून दिली, आणि साहेब बसले ते हळूहळू आडवे झाले. तिथून त्यांनी आश्रुबांना बोलावणं धाडलं.

आश्रुबा आले. शिवकन्येचा जीव पुन्हा टांगणीला लागला, कारण म्हातारा उभ्या जन्मात खोटं बोलला नव्हता.

"कंपाउंडर, ह्याला उपाय काय?" साहेबांनी विचारलं.

आश्रुबांनी तुळजाबाईंकडं बघितलं, मग बापूच्या घामोळ्यांकडं.

"पाणी," ते म्हणाले. "सोच्छ पाणी. पोटभर प्यायला, रोज अंग धुवायला. सावलीला बसायचं. आन् घाबरायचं न्हाई. म्हंजे नाडी आपसूक उतरती, साहेब."

यातला शब्द न् शब्द खरा होता. साहेबांनी पडल्या पडल्या बबनरावांचा संक्रांतीपासूनचा अर्ज मागवला आणि त्यावर तिथंच सही केली. जुना टँकर आतून घासून घ्यायचा, दुसरा टँकर आजच सोडायचा, आणि पुढचा हुकूम होईपर्यंत रोज एक खेप.

संध्याकाळी टँकर आला. शिवकन्येनं अंगणात दगडावर पाय पसरून बापूला पायांवर आडवं घेतलं आणि तांब्यामागून तांब्या ओतला. तो आधी दचकला, मग खदखदून हसला, मग त्याच पायांवर ओल्या अंगानं झोपला. तुळजाबाई आडावर घागरी मोजत होत्या. दोन विसा झाल्या तरी पाणी होतंच.

पंधरा दिवसांनी साहेब पुन्हा आले, धास्तावलेले. या वेळी आश्रुबांनी स्वतः मोजलं, तीस. साहेब ऐंशी. बबनराव शहाऐंशी. छबुबाई अठ्ठ्याहत्तर. सगळी गल्ली एका रांगेत बरी निघाली. साहेबांनी छातीवर हात ठेवून मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, हा सगळा पाण्याचा गुण. आता टँकर बंद करणं धोक्याचं आहे, पाऊस पडेपर्यंत चालू ठेवा. बबनरावांनी त्यांना नारळ दिला.

जीप गेल्यावर आश्रुबांनी घड्याळ सुनेच्या हातात ठेवलं. कणगीत नको, म्हणाले, तूच वापर. फक्त तीस ध्यानात ठेव.

"आन् आत्याबाईला बी आता तीसच मोजाय सांगू का?"

"नको," आश्रुबा म्हणाले. "औंदाचा पाऊस कसा पडतो ते आधी बघू."

आत बापू नुकताच न्हाऊन झोपला होता. शिवकन्या त्याच्याजवळ टेकली, बोटं त्याच्या गार, कोरड्या मनगटावर ठेवली आणि बटण दाबलं. एक, दोन, तीन. तीस कधी झाले आणि कधी मागं पडले, तिला कळलं नाही. काटा तबकडीवर फिरत राहिला, आणि बटणावरचं तिचं बोट तसंच राहून गेलं.